मालवणचे मच्छीमार अभयारण्याच्या विरोधात आहेत का?

प्रश्न कोल्हापूरचाच आहे. शिवाजी विद्यापीठात पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे : "मालवण सागरी अभयारण्याबद्दल स्थानिकांची आणि इतर संबंधितांची मतं, हा माझ्या प्रबंधाचा विषय. दिवाळीच्या सुट्टीत तिकडे जाऊन 60 प्रश्नपत्रकं भरून घेतली. समुद्राचं रक्षण व्हायला हवं का, याला जवळपास सगळ्यांनी 'हो' लिहिलं. त्याच आठवड्यात गावातल्या बैठकीला बसलो, तर तीच माणसं अभयारण्य नको म्हणून तावातावानं बोलत होती. मार्गदर्शक म्हणतात, माहिती विसंगत आहे. मी कुणाचं खरं धरू?"

दोन्ही खरं धरा.

तुमच्या पत्रकानं विचारलं, समुद्र जपायला हवा का. बैठकीत विषय होता, समुद्रावर हुकूम कुणाचा चालणार. एकाच माणसानं या दोन प्रश्नांना दोन उत्तरं दिली तर तो खोटं बोलत नाही. आपल्या राधानगरीकडे बघा. दाजीपूरच्या गव्यांसाठी 1958 साली राज्यातलं पहिलं अभयारण्य झालं. त्या भागातला शेतकरी तुम्हाला कौतुकानं सांगेल की गवा आमच्या भागाची शान आहे, आणि लगेच पुढे सांगेल की परवा रात्री गव्यांनी उसाचा फड लोळवला आणि पंचनाम्याला अजून कोणी आलेलं नाही. यातलं कुठलं वाक्य खोटं? मालवणात तुम्ही ऐकलंत ते याच जातीचं आहे, फक्त जमिनीच्या जागी पाणी आहे.

मी कोल्हापुरात राहून गेली वीस-बावीस वर्षं सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर अशाच सर्वेक्षणांचं काम करते आहे. तुमच्यासारखीच पत्रकं घेऊन सुरुवात केली होती, म्हणून जरा विस्तारानं लिहिते.

आधी बैठकीतला राग कुठून येतो ते बघा. मालवण सागरी अभयारण्य 13 एप्रिल 1987 रोजी जाहीर झालं. एकूण क्षेत्र सुमारे 29.12 चौरस किलोमीटर. त्यातला 3.18 चौरस किलोमीटरचा भाग गाभा, म्हणजे सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि भोवतीचे खडक. उरलेला 25.94 चौरस किलोमीटर बफर, म्हणजे गाभ्याभोवतीचा पट्टा. आकडे लहान वाटतात, पण जागा कुठली आहे बघा. गाभ्याची हद्द मालवण बंदरापासून अवघ्या 50 मीटरवर सुरू होते. म्हणजे होडी बंदरातून सुटली की ती अभयारण्यातच. जंगलाचं अभयारण्य बहुधा गावाच्या वेशीबाहेर असतं. हे अंगणात आलं.

ज्या कायद्याखाली हे झालं तो 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा. तो लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे वाघ होता, जंगल होतं. समुद्रात अभयारण्य करताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं हित जपण्याची पुरेशी तजवीज करावी, आणि होड्यांच्या निरुपद्रवी येण्याजाण्याच्या हक्काला बाधा येऊ नये, हे त्या कायद्याच्या कलम 26अ मध्ये आहे. पण ते कलमच 1991 च्या दुरुस्तीनं आलं. मालवणची घोषणा त्याच्या चार वर्षं आधीची. हे तुमच्या प्रबंधात पहिल्या प्रकरणात यायला हवं, कारण 1987 साली पंचविशीत असलेला तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, आज साठीच्या पुढे आहे आणि बैठकीत सगळ्यात मोठ्यानं तोच बोलतो. "अभयारण्य म्हणजे आमका हयसून उठवतले," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की मोजणं सोडलं. त्याला समजुतीचा घोटाळा म्हणून बाजूला सारू नका. जंगलातली गावं उठताना सगळ्यांनी पाहिली आहेत. समुद्रातल्या माणसाला कायद्यानं काय हमी दिली आहे, हे त्याला त्याच्या भाषेत बसून कोणी समजावलं, हा खरा प्रश्न आहे.

माझ्या सुरुवातीच्या काळात असाच एक प्रश्न मला एका म्हाताऱ्या तांडेलांनी विचारला होता. "दर्याक कुंपण कसां घालतलात?" मी ते टोमणा म्हणून वहीत टिपलं. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा गेले तेव्हा होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या होत्या आणि ते जाळी दुरुस्त करत बसले होते. मी एक मोठा तपकिरी कागद पसरला आणि म्हटलं, काका, तुमचा दर्या काढून दाखवा. त्यांनी कागद उलटा फिरवला. आपल्या नकाशात किनारा उजवीकडे असतो. त्यांनी तो वरच्या बाजूला घेतला, कारण होडीत बसून ते जमिनीकडे बघतात. मग एक डोंगर काढला, एक देऊळ काढलं आणि दोन्हीतून जाणारी रेघ पाण्यात ओढली. दुसरीकडून दुसरी रेघ. जिथे दोन रेघा मिळाल्या तिथे खडक. असे वीसच्या वर खडक त्यांनी काढले आणि प्रत्येकाला नाव होतं. माझ्याजवळच्या छापील नकाशात त्यातली दोन-तीन नावं होती. तेव्हा लक्षात आलं की त्यांचा प्रश्न टोमणा नव्हताच. अक्षांश-रेखांशाची रेघ होडीतून दिसत नाही. रात्री, पावसाळी हवेत, जाळं ओढत असताना मी हद्दीच्या आत आहे की बाहेर हे मला कसं कळणार, आणि कळलं नाही तर दंड कोणाला, असं ते विचारत होते. तुमच्या साठ पत्रकांत यासाठी एकही चौकट नाही.

आता तुमच्या पत्रकातली सगळ्यात मोठी अडचण. तुम्ही "मच्छीमार" हा एक गट धरला आहे. असा गट किनाऱ्यावर नाही.

रापणकर घ्या. दांडी, वायरी, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यात रापण अजून लागते. होडीतून जाळं समुद्रात अर्धवर्तुळात सोडायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणायचे आणि माणसांच्या दोन रांगांनी ते ओढायचं. चाळीस-पन्नास माणसं सहज लागतात. वाटे ठरलेले असतात, आणि वाटेकरी नसलेला म्हातारा किंवा शाळकरी पोरगा दोराला हात लावून गेला तर त्याच्या पिशवीतही मूठभर तारली-बांगडा पडतो. या जाळ्याला मासा किनाऱ्यापर्यंत यावा लागतो. तो आधीच बाहेर उचलला गेला तर रापणीला शेवाळ आणि केंड मासेच मिळतात, आणि केंड जाळंही कुरतडतो. म्हणून रापणकराच्या तोंडी संवर्धनाचा अर्थ एकच : मोठ्या ट्रॉलरना आणि पर्ससीनला, म्हणजे माशांचा अख्खा थवा घेरून उचलणाऱ्या मोठ्या जाळ्याच्या बोटींना, किनाऱ्याजवळ येऊ देऊ नका.

ही माणसं नियमांच्या विरोधात आहेत असं लिहिणं अन्यायाचं होईल. फेब्रुवारी 2016 मध्ये राज्य सरकारनं पर्ससीन मासेमारीवर निर्बंध आणले. नोव्हेंबर 2017 मध्ये केंद्रानं दिव्यांच्या झोतात करायच्या, म्हणजे एलईडी मासेमारीवर बंदी घातली. या दोन्ही नियमांसाठी पारंपरिक मच्छीमारांनी मोर्चे काढले, उपोषणं केली. किनाऱ्यावर सगळ्यात कडक नियम मागणारा माणूस तोच आहे, आणि अभयारण्याला विरोध करणाराही तोच. त्याचं गणित असं : जो नियम मोठ्याला अडवतो तो हवा, जो मलाच अडवतो आणि मोठा मात्र रात्री येऊन ओढून नेतो, तो नको. यात न समजण्यासारखं काय आहे?

ट्रॉलरवाल्याची बाजूही ऐका, तो खलनायक नाही. कर्जावर बोट घेतलेली असते, डिझेल, बर्फ, खलाशांचा पगार, आणि मासा मिळाला नाही तरी हप्ता येतोच. याच किनाऱ्यावर संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीनं जो जैवविविधतेचा प्रकल्प 2012 च्या सुमारास सुरू झाला, त्यात ट्रॉलरच्या जाळ्याच्या शेवटच्या पिशवीला 40 मिलिमीटरचा चौकोनी आस, म्हणजे जाळ्याचं भोक, लावायला सुरुवात झाली. नेहमीचा आस ओढताना मिटतो, चौकोनी उघडा राहतो, त्यामुळे पिल्लं निसटतात. शिवाय जाळ्याला पाण्याचा अडथळा कमी होऊन डिझेल वाचतं. ज्यांनी तो लावला त्यांनी पिल्लांच्या कळवळ्यानं लावला की डिझेलसाठी, याचा खल करत बसू नका. दोन्ही कारणं चालतात.

आणि ज्यांच्याकडे तुम्ही बहुधा गेलाच नाहीत अशा बायका. तुमच्या 60 पत्रकांत स्त्रिया किती आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण माझ्या पहिल्या खेपेचा अनुभव सांगते. मी मच्छीमार सोसायटीच्या बाकावर बसून पत्रकं भरली आणि समाधानानं परत आले. नंतर लक्षात आलं, बायकांची जी चार-पाच पत्रकं घरून भरून आली होती, त्यांत व्यवसायाच्या रकान्यात नवऱ्यांनी "गृहिणी" लिहिलं होतं. त्यातली एक बाई अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात, ओहोटी लांब जाते तेवढे चार दिवस, भल्या पहाटे खडकावर जाऊन कालवं काढते. मी तिच्याबरोबर गेले. गुडघाभर पाणी, पायाखाली वस्तऱ्यासारख्या शिंपा. टोकदार लोखंडानं वरची शिंप उडवायची, आतलं मांस डब्यात, खालची शिंप खडकावर तशीच. बोटांवर जुन्या चिरांच्या पांढऱ्या रेघा. एक मोठा खडक ती सोडून पुढे गेली. का, विचारलं, तर म्हणाली की तो गेल्या उधाणाला काढला, आता पावसापर्यंत त्याला हात लावायचा नाही, तिच्या सासूनं घालून दिलेली रीत आहे. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "सगळ्यांका इचारलांत, आमका इचारूक कोण इलो नाय."

गाभा क्षेत्रात काय चालतं नि काय नाही हे ठरवताना होडी आणि जाळं एवढंच धरलं, तर हे काम हिशेबातच येत नाही. खाडीतल्या तिसऱ्या, मुळे, कालवं अशा शिंपल्यांवर आणि कुर्ल्यांवर घरखर्च चालवणाऱ्या बायका सोसायटीच्या सभासद नसतात, बैठकीत मागे उभ्या असतात, आणि बंदी आली तर पहिल्यांदा त्यांचाच डबा रिकामा होतो. बाजारात मासे विकणारीचं मत तर आणखी वेगळं. तिला कुठला मासा कुठल्या वर्षापासून लहान येऊ लागला हे तोंडपाठ असतं. ही माहिती तुम्हाला कुठल्याच कचेरीत मिळणार नाही.

अभयारण्याच्या बाहेर, पण त्याच किनाऱ्यावर आणखी एक माणूस आहे : कांदळवनाचा जमीनमालक. खाडीकाठी खाजणात भातशेती होती. खारं पाणी अडवणारा बांध फुटला, वेळेवर बांधला गेला नाही, पाणी शेतात शिरलं आणि काही वर्षांत तिवरं नि चिप्पी ही कांदळवनाची झाडं गळ्यापर्यंत वाढली. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2005 च्या आदेशानं राज्यातल्या कांदळवनाच्या तोडीवर बंदी आली, मग जमीन कुणाचीही असो. 2018 च्या निकालानं ते पक्कं केलं. कांदळवनाच्या दृष्टीनं हे फार मोठं काम झालं, मला त्याचं मोल पुरेपूर कळतं. पण त्या शेतकऱ्यानं मला सात-बारा दाखवला आणि म्हणाला, जमीन माझी, झाडं सरकारची, आणि बांध कुणाचाच नाही. याला तुम्ही तुमच्या तक्त्यात "विरोध" या खान्यात टाकाल?

2012 साली राज्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष झाला. 2017 पासून कांदळवन संरक्षण आणि उपजीविकेची योजना आहे. गावात सह-व्यवस्थापन समिती करायची आणि खेकडापालन, कालवंपालन, पिंजऱ्यातले मासे, पर्यटन अशा कामांना गटांसाठी 90 टक्के खर्च सरकारनं द्यायचा. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका होडीतून कांदळवनाची सफर घडवतात. त्यांच्याकडे गेलात तर तिवर आणि चिप्पीच्या मुळांमधला फरक त्या तुम्हाला हात लावून दाखवतील. जिथे झाडामुळे चूल पेटते तिथे झाडाचं मत विचारावं लागत नाही. पण ही योजना त्या बुडालेल्या शेताच्या मालकाला आपोआप पोचत नाही, हेही लिहा.

तसंच जाळ्यात कासव किंवा देवमासा अडकला तर जाळं कापून त्याला सोडायचं, फोटो काढायचा आणि 25,000 रुपयांपर्यंत भरपाई घ्यायची, ही सोय डिसेंबर 2018 पासून झाली. त्याआधी मी विचारलं की लोक गप्प बसत. आता फोन काढून चित्रफीत दाखवतात. माणसं तीच आहेत.

पर्यटनवाले म्हणून तुम्ही कोणाला धराल? किल्ल्यामागच्या खडकांवर स्नॉर्केलिंगला नेणारा तरुण बहुधा रापणकराचाच मुलगा असतो. प्रवाळ टिकावं असं त्याला मनापासून वाटतं, कारण त्याचं पोट त्यावर आहे. पण मे महिन्यात एकामागून एक होड्या येतात, घाईत नांगर टाकला जातो, तो खडकावर घसरतो. पाण्याला घाबरलेला पाहुणा आधारासाठी पाय टेकतो तो नेमका प्रवाळावर. दगडासारखे गोल वाढणारे प्रवाळ वर्षाला जेमतेम एखादा सेंटीमीटर वाढतात. एका सुट्टीच्या रविवारी काय होत असेल त्याचा विचार करा. बांधायला कायमचे बोये द्या, नांगर टाकायची गरजच उरणार नाही, असं त्या पोरांनीच मला सांगितलं.

आणि पाहुणा कोण? शनिवारी पहाटे गगनबावड्यातून नि फोंड्यातून खाली उतरणाऱ्या गाड्यांचे नंबर बघा, एमएच 09 किती आहेत ते. आपली पंचगंगा पूर्वेला जाते, कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळते. नदीनं आपलं मालवणच्या समुद्राशी नातं नाही, घाटरस्त्यानं आहे. त्याच रस्त्यानं मासळीच्या पेट्या वर येतात आणि आपण खाली जातो. वीतभर, म्हणजे अजून न वाढलेली सुरमई आपल्या ताटात आली तर ती विकत घेणारा माणूस संबंधितांच्या यादीत हवा. कोल्हापुरात दहा-पंधरा घरांतून, दोन-तीन खाणावळींतून आणि मासळी विक्रेत्यांकडून माहिती घ्या. मी पाहिलेल्या एकाही प्रबंधात हा भाग नव्हता. तुमचा कदाचित पहिला असेल.

अधिकाऱ्यांबद्दल थोडक्यात. एकाच खडकावर अभयारण्य वनविभागाचं, मासेमारी मत्स्यव्यवसाय विभागाची, प्रवासी होड्या सागरी मंडळाच्या, किल्ला पुरातत्त्व खात्याचा आणि सुरक्षा पोलिसांची. बाहेरचा ट्रॉलर आला तर फोन कुणाला करायचा, हे मी तीन कचेऱ्यांत विचारलं आणि तीन उत्तरं मिळाली. खालच्या फळीतल्या कर्मचाऱ्यांशी कचेरीबाहेर, चहावर बोला. त्यांच्याकडे बहुतेक वेळा होडीसुद्धा नसते आणि समुद्राची गस्त त्यांच्या नावावर असते.

वेळासचं उदाहरण तुम्हाला सगळे देतील, कासवांची अंडी जपणारं मंडणगड तालुक्यातलं गाव. ते खरंच वाखाणण्यासारखं आहे, पण तिथे सुरुवात हद्दीच्या रेघेनं झाली नाही, घरट्यांपासून झाली, आणि चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रची माणसं 2002 पासून गावाबरोबर राहिली. तुलना करायची तर हा क्रम तपासा.

आता कामाचं. दिवाळीत तुम्ही ऐन हंगामात गेलात. तेव्हा तांडेल पत्रक भरतो ते तुम्हाला वाटेला लावायला. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. तेव्हा जा, नारळी पौर्णिमेच्या आधी. जाळ्याला गाठी मारणारा माणूस दोन तास बोलतो. पत्रकातून "सहमत, असहमत" काढून टाका. "व्यवसाय" हा रकाना काढा आणि त्या जागी विचारा : कुठलं जाळं, कुठला महिना, कुठला खडक, मासा कोण विकतं. नियमाबद्दल विचारायचं तर अमुक नियम, अमुक जागी, कोणावर लागू, मोडला तर पकडणार कोण, असं पूर्ण विचारा. बायकांशी बोलायला वेगळ्या वेळी जा, ओहोटीचं वेळापत्रक बघून. तुमच्याबरोबर वर्गातली एखादी मैत्रीण असेल तर फार बरं. मालवणी येत नसेल तर लाजू नका, पण त्यांनी मालवणीत सांगितलेलं वहीत मालवणीतच उतरवा. प्रमाण मराठीत आणताना "इचारूक नाय" चं "सल्लामसलत झाली नाही" होतं आणि त्यातली कळ निघून जाते.

जुनी 60 पत्रकं टाकून देऊ नका. ती लोकांना समुद्राबद्दल काय वाटतं त्याचा पुरावा आहेत. बैठकीची टिपणं लोकांना कारभाराबद्दल काय वाटतं त्याचा. प्रबंधात दोन वेगळी प्रकरणं करा, एका वर्तुळाच्या रंगीत फाका करू नका. मार्गदर्शकांना हे उत्तर दाखवलंत तरी माझी हरकत नाही.

शेवटचं. जे काढाल ते गावात परत न्या. मी तो तपकिरी कागद कोल्हापुरात नीट उतरवून, छापून, पुढच्या जुलैत त्या तांडेलांकडे घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावला, बोट फिरवत सगळी नावं वाचली, दोन चुकलेली माझ्याकडून दुरुस्त करून घेतली. शेजारच्या दोघांना हाक मारली. तिघांत बराच वेळ वाद झाला, मला अर्धाच कळला. मग त्यांनी पेन मागितलं आणि पद्मगडाच्या बाजूच्या एका खडकाभोवती गोल काढला. म्हणाले, हय पिल्लां वाढतत, पावसानंतर दोन महिने आमी हय जाळां टाकूचा नाय, पण ह्यां आमी ठरवलां असां लिवा.